फुलपाखराच्या जीवनचक्राचा हस्तकला संच: चकती घ्या, कापूस वगळा

६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठीच्या या संचात पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, त्या जोडायची पितळी पिन, लोकरी गोंडे, मणी, कापूस, पोस्टर रंग आणि कोरे कागद मिळतात.

चकतीची कल्पना फार चांगली आहे. खालच्या चकतीवर अंडं, अळी, कोष, फुलपाखरू असे चार भाग आणि वरच्या चकतीला खिडकी. फिरवताना फुलपाखरामागून पुन्हा अंडं येतं आणि चक्र म्हणजे काय ते न सांगता कळतं. पण माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे गोंडे आणि मणी चकतीवरच चिकटवले, तर उंचवट्यामुळे वरची चकती अडते. चकतीवर फक्त चित्रं काढा, गोंड्यांची अळी वेगळ्या डहाळीवर बसवा. भोक पाडताना दोन्ही चकत्या एकावर एक धरून दाभण एकदाच घाला. भोक जरा सरकलं तरी खिडकीत शेजारचं चित्र डोकावतं.

मोठी चूक कोषात आहे. कापूस गुंडाळून कोष करायला सांगितलंय, पण रेशमाचं वेटोळं रेशीमकिडा आणि इतर काही पतंग करतात. फुलपाखराची अळी शेवटची कात टाकते तेव्हा आतून कोषच बाहेर येतो, त्यावर सहसा कसलंही पांघरूण नसतं. मुलाच्या डोक्यात एकदा कापूस बसला की तो काढणं अवघड. त्याऐवजी ६ सेंटिमीटरचा हिरवा घोटीव कागद शंकूसारखा वळवा, वरचं तोंड चिमटून बंद करा, निमुळतं टोक डहाळीला चिकटवा आणि कमरेभोवती दोरा घेऊन कोष किंचित तिरका बांधा. लिंबाच्या झाडावरच्या लाइम बटरफ्लायचा कोष असाच असतो. रुईवरच्या प्लेन टायगर फुलपाखराचा करायचा असेल तर दोरा नको, तो डोकं खाली करून लोंबतो.

अंड्यांचाही ढीग नको. लाइम बटरफ्लाय लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर एकेक अंडं घालते. एका पानाला एक फिकट पिवळा मणी पुरे. अळीला पुढे खऱ्या पायांच्या तीन जोड्या आणि मागे मांसल आधारपायांच्या पाच जोड्या दाखवा.

पंखांचे ठसे मात्र सुरेख उठतात. कागद आधी दुमडून घ्या, एकाच अर्ध्यावर दाट रंगाचे ठिपके द्या आणि वाळायच्या आत घडीकडून कडेकडे दाबत जा. पाणी जास्त झालं तर रंग घडीत ओघळतो, उशीर झाला तर दुसरी बाजू कोरी राहते. चारही पंख छातीलाच जोडा. नमुनाचित्रात ते पोटापर्यंत चिकटवलेत.

चित्रांखाली दिवसही लिहून घ्या. लाइम बटरफ्लायचं अंडं साधारण ३-४ दिवस, अळी दोनेक आठवडे, कोष ८-१० दिवस. थंडीत हा काळ लांबतो.

संच घ्यायला हरकत नाही, फक्त मुलाच्या हाती देण्याआधी माहितीपत्रकातलं कोषाचं पान काढून ठेवा.