घाईत घेतलेली झूमची सशुल्क सेवा : एका कंपनीचा अनुभव

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या कंपनीने झूमची सशुल्क सेवा घेतली. एरवी साधे सॉफ्टवेअर घ्यायचे म्हटले तरी दरपत्रके, प्रात्यक्षिके आणि मंजुऱ्या यांत महिनेच्या महिने जात. या वेळी मात्र एका फोनवर निर्णय झाला.

सेवा चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कधीही व्हिडिओ कॉल न केलेले आमचे भांडारपाल आलेल्या लिंकवर बोट ठेवून पहिल्याच दिवशी बैठकीत हजर झाले. हिशेब विभागातील सहकारी बिल पडद्यावर उघडून एकेका ओळीवर कर्सर नेत असे, भांडारपाल ‘हा माल आलाच नाही’ असे तिथल्या तिथे सांगत, आणि ई-मेलवर दोन दिवस चालणारा घोळ दहा मिनिटांत मिटे. बैठकांत परके लोक घुसल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, तेव्हा झूमने १ एप्रिल २०२० रोजी नव्या सुविधांचे काम ९० दिवस थांबवून सुरक्षिततेकडे लक्ष देण्याचे ठरवले. हे मला योग्य वाटले.

खंत आहे ती आमच्या खर्चाच्या क्रमाची. संभाषणाची सोय झाली, पण पावत्या आणि करार कार्यालयातील कपाटांतच राहिले, आणि एका सहीसाठी साथीच्या भर काळात कोणाला तरी तिथे जावे लागले. विक्री घटल्यामुळे जुनी हिशेबप्रणाली बदलण्याचे, म्हणजे ज्याची खरी गरज होती तेच काम पुढे ढकलले गेले. जे लगेच दिसते आणि लगेच वापरता येते, त्यावरच पैसे खर्च झाले. महासाथीने डिजिटल गुंतवणूक वाढवली असे सरसकट म्हटले जाते, तेव्हा मला ती बंद कपाटे आठवतात.

घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विनाशुल्क खात्यावरून बोलावलेल्या सामूहिक बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा असते, पण सशुल्क परवाना बैठक बोलावणाऱ्यालाच लागतो. सहभागी होणाऱ्यांना त्याची गरज नसते. आम्ही भीतीपोटी सर्वांसाठी परवाने घेतले आणि नूतनीकरणाच्या वेळी यादी तपासली, तेव्हा बहुतेकांनी एकही बैठक बोलावली नसल्याचे आढळले. आता विभागप्रमुखांपुरतेच परवाने ठेवले असून वाचलेल्या रकमेतून जुन्या पावत्यांचे स्कॅनिंग सुरू केले आहे.