गुगल अर्थ प्रो : टेकडी वाचवणाऱ्यांनी वापरावंच, पण उतार मोजताना जपून

टेकडीफोडीची तक्रार दिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : आधी इथे काय होतं, दाखवा. ते दाखवायला उपग्रहाची छायाचित्रं दाखवणाऱ्या गुगल अर्थ प्रोइतकं हाताशी असलेलं साधन दुसरं नाही. २०१५ पासून ते फुकट आहे. मोबाइलच्या ॲपवर भागवू नका, कॉम्प्युटरवरची प्रो आवृत्तीच घ्या.

वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबलं की जुनी छायाचित्रं तारखेनिशी उघडतात. तारीख पूर्ण झूम केल्यावरच टिपा. लांबून दिसतो तो वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडलेला नकाशा. आणि नोव्हेंबरशेजारी एप्रिल ठेवू नका. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेलं ग्लिरिसिडियाचं झाड उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतं, गवत वाळतं, आणि एकही झाड न तोडता टेकडी बोडकी दिसते. तुमचा सगळा पुरावा तिथेच लंगडा पडतो. पिवळं दिसतं म्हणून गवताळ उताराला कोणी ‘पडीक’ म्हटलं, तर मात्र ठामपणे खोडून काढा. ते गवत हीच टेकडीची संपत्ती आहे.

खरी कसोटी उताराची. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला साधारणपणे मनाई आहे. १:५ म्हणजे पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ, म्हणजेच २० टक्के. ‘पाथ’ या साधनाने उतारावर रेघ काढा, तिच्यावर राइट क्लिक करून ‘शो एलिव्हेशन प्रोफाइल’ घ्या. उतार टक्क्यांत मिळतो. रेघ पाणी वाहून जाईल त्याच दिशेने हवी. ४५ अंशांत तिरकी गेली तर २५ टक्क्यांचा उतार १८ च्या आत येतो आणि वाचवायची जमीन तुमच्याच आकड्याने बांधकामयोग्य ठरते! उंचीची माहितीही ढोबळ असते, जेसीबीने कापलेली छोटी दरड तिच्यात उमटेलच असं नाही. आकडा १८ ते २२ च्या दरम्यान आला, तर त्यावर भांडू नका, जागेवर उंची मोजून केलेला कंटूर सर्व्हे मागा.

क्षेत्रफळासाठी ‘रूलर’मधला पॉलिगॉन चांगला चालतो. मात्र दोन तारखांची छायाचित्रं एकमेकांपासून काही मीटर सरकलेली असतात. देवळाचा चौथरा किंवा रस्त्याचा चौक जुळवून बघा, आणि इमारत आखताना छत सोडून पाया धरा. चार मीटरच्या अतिक्रमणाचा दावा यावर करूच नये. त्यासाठी भूमी अभिलेखाची मोजणी लागते. सर्व्हे नंबरचा अंदाज महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर येतो.

विकास आराखड्याचं पान ‘इमेज ओव्हरले’ने वर चढवता येतं, पारदर्शकताही कमी-जास्त होते. पण पान फक्त ताणता-फिरवता येतं, म्हणून अख्खा आराखडा न घेता आपल्या टेकडीपुरताच तुकडा कापून घ्या. आखलेलं सगळं दुसऱ्याला पाठवताना फाइल केएमझेड प्रकारात जतन करा. केएमएल प्रकारातली पाठवली तर चढवलेलं पान सोबत जात नाही आणि समोरच्याला नुसत्या रेघा दिसतात.