इमारतीला बाहेरून काय लावावं: काच की एसीपी?

इमारतीच्या बाहेरच्या बाजूला काच लावावी की धातूची कॉम्पोझिट पॅनेलं, म्हणजे सगळे ज्याला एसीपी म्हणतात ते, हा निर्णय बहुतेक वेळा थ्रीडी चित्र बघून होतो. चित्रात दोन्ही छानच दिसतात. अडचण अशी की या दोन्हींचे खरे गुणदोष चित्रात दिसत नाहीत आणि भिंतीवर लावल्यावरही दिसत नाहीत. प्लॅस्टिकचा कोअर (दोन पत्र्यांमधला थर) असलेलं पॅनेल आणि खनिजाचा कोअर असलेलं पॅनेल शेजारी लावलं तर रंग एक, चकाकी एक. एकपदरी काच आणि कोटिंगची दुपदरी काच रस्त्यावरून सारखीच भासते. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो: कोणतं एसीपी आणि कोणती काच, हे आधी ठरवा. ते ठरल्याशिवाय या दोघांत निवड करण्याला अर्थ नाही.

आधी भिंतीचं काम बघा

काच उजेड आत आणते आणि बाहेरचं दाखवते. एसीपी यातलं काही करत नाही, ते मागची भिंत झाकतं आणि पावसापासून वाचवतं. त्यामुळे खिडक्यांच्या जागी एसीपीचा प्रश्नच येत नाही. खरी निवड असते ती जिथे मागे काँक्रीट किंवा वीटकाम आहे तिथे: कॉलम, बीमचे पट्टे, स्लॅबच्या कडा, जिना, लिफ्टचा शाफ्ट, डक्ट. संपूर्ण इमारत काचेची दिसावी म्हणून अशा जागांवरही मागून रंगवलेली काच बसवतात. ती दिसते एकसंध, पण तिच्या आणि भिंतीच्या मधली हवा उन्हात फार तापते. साधी काच असेल तर तापलेला मध्यभाग आणि फ्रेममधल्या थंड कडा यांच्या ताणाने ती तडकते, म्हणून तिथे टफन्ड किंवा हीट-स्ट्रेंग्दन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच लागते. जिथून काही दिसणारच नाही तिथे एवढा खटाटोप आणि वजन कशासाठी? बंद भिंतीवर मी पॅनेललाच पसंती देईन, फक्त पुढची अट पाळली तर.

आग

या मुद्द्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे चूक झाली तर माणसं जातात.

नेहमीचं एसीपी ४ मिलिमीटर जाडीचं असतं: दोन बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर ॲल्युमिनियम आणि मध्ये ३ मिलिमीटरचा कोअर. हा कोअर साध्या पॉलिथिलिनचा असेल तर एका चौरस मीटरमध्ये पावणेतीन किलोच्या आसपास प्लॅस्टिक असतं, आणि पॉलिथिलिन जळताना किलोमागे जवळपास डिझेलइतकीच उष्णता देतं. हजार चौरस मीटरच्या दर्शनी भागाचा हिशेब तुम्हीच करा. पॉलिथिलिन १३० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतं, जळते थेंब खाली पडतात, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा सुटतो आणि पॅनेलच्या मागची पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढते.

१४ जून २०१७ रोजी लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात आग लागली. ती त्या घरातच राहायला हवी होती. पण नूतनीकरणात त्या २४ मजली काँक्रीटच्या इमारतीला बाहेरून पॉलिथिलिन कोअरची पॅनेलं लावलेली होती. आग त्यांवरून शेंड्यापर्यंत चढली आणि ७२ जणांचा जीव गेला. चौकशीत आग पसरण्याचं मुख्य कारण हीच पॅनेलं ठरली. त्याआधी २०१४ मध्ये मेलबर्नच्या लॅक्रॉस इमारतीत बाल्कनीतल्या सिगारेटच्या थोटकाने लागलेली आग अशाच पॅनेलांवरून काही मिनिटांत वरपर्यंत गेली होती. तिथे कुणी दगावलं नाही, पण इशारा मिळालेला होता. ग्रेनफेलनंतर इंग्लंडने १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील साहित्यावर बंदी घातली.

बाजारात साधारण तीन प्रकारचे कोअर मिळतात. एक, साधं पॉलिथिलिन. दोन, एफआर (फायर रिटार्डंट, म्हणजे आग मंदावणारा), ज्यात साधारण ७० टक्के खनिज भरलेलं असतं आणि उरलेलं प्लॅस्टिक. तीन, ए२, ज्यात खनिजाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतं. एफआर हा शब्द ऐकून अनेकांना वाटतं की हे जळतच नाही. तसं नाही. ते उशिरा आणि कमी जळतं. जिथे लोक झोपतात, जिथून रुग्णांना किंवा मुलांना पटकन बाहेर काढता येत नाही, किंवा जिथे अग्निशमन दलाची शिडी पोहोचत नाही इतकी उंची आहे, तिथे माझ्या मते ए२च्या खाली उतरूच नये. दुकानाच्या पाटीवरही साधा पॉलिथिलिन कोअर मला पटत नाही, कारण वर बहुतेक कुणाची तरी खिडकी असते. शिवाय चांगलं पॅनेल लावून मागे थर्माकोल किंवा फोम भरला तर सगळंच वाया जातं. मागचं इन्सुलेशन रॉकवूलचं, म्हणजे दगडाच्या न जळणाऱ्या तंतूंचं हवं आणि प्रत्येक मजल्यावर पोकळी अडवणारे अडसर हवेत.

काच जळत नाही, हा तिचा मोठा गुण. पण साधी काच आगीत लवकर फुटते आणि वाट मोकळी होते. काचेची भिंत स्लॅबच्या बाहेरून सलग जाते, त्यामुळे स्लॅबची कड आणि काच यांच्यात फट राहते. ती फायर स्टॉपने, म्हणजे आग अडवणाऱ्या भरणाने बंद केलेली नसेल तर धूर आणि आग त्याच फटीतून मजला चढतात. हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून घाईत ते राहून जातं. ते झाल्याशिवाय बिल मंजूर करू नका.

ऊन आणि उष्णता

इथे काचेचं पारडं हलकं आहे, आणि किती हलकं ते काचेच्या जातीवर ठरतं. ६ मिलिमीटरची एकपदरी साधी काच उन्हातली सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते, आणि तिची यू-व्हॅल्यू (आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे किती उष्णता आरपार जाते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) ५.७ च्या आसपास असते. साध्या दुपदरी काचेची २.८ पर्यंत येते. सोलर कंट्रोल लो-ई, म्हणजे उष्णता परतवणाऱ्या अतिपातळ कोटिंगची दुपदरी काच घेतली तर आत येणारी उन्हाची उष्णता २५ ते ४० टक्क्यांवर उतरते आणि यू-व्हॅल्यू २ च्या खाली जाते. पॅनेल स्वतः उष्णता जवळपास अडवतच नाही, पण त्याच्या मागे वीटभिंतीवर ५० मिलिमीटर रॉकवूल बसवलं की ती भिंत ०.६ च्या आसपास पोहोचते. उत्तम दुपदरी काचही या आकड्याच्या जवळ सहजी येत नाही.

थंड हवेत हेच ऊन हवंहवंसं असतं, तिथे काचेतून आलेली उष्णता फायद्याची ठरते. उष्ण हवेत मात्र पश्चिमेच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत काच लावणं म्हणजे आत बसणाऱ्यांना रोज दुपारी पडदे ओढायला लावणं आहे. मग ज्या दृश्यासाठी काच लावली तेही जातं. गडद काच हा यावरचा उपाय वाटतो, पण ती स्वतः उष्णता शोषून तापते आणि दिवसाही दिवे लावावे लागतात.

परावर्तनाकडेही लक्ष द्या. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीट या इमारतीची दर्शनी बाजू आतल्या बाजूला वळलेली आहे. २०१३ मध्ये तिने ऊन एकवटून रस्त्यावर टाकलं आणि उभ्या गाडीचे भाग वितळले. नंतर तिथे ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पक्षीही काचेला आकाश समजून आदळतात. दाट ठिपके किंवा रेषा छापलेली काच हा त्यावर खात्रीचा इलाज आहे.

वजन आणि बसवणं

काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीमागे चौरस मीटरला अडीच किलो. म्हणजे ६ मिलिमीटरच्या दोन पदरांची काच ३० किलो. ४ मिलिमीटरचं पॅनेल साडेपाच ते आठ किलोंत येतं. जुन्या इमारतीला नवं रूप द्यायचं असेल तर हा फरक बहुधा निर्णायक ठरतो.

पॅनेल साइटवर कापता येतं, मागून ग्रूव्ह मारून हवं तसं दुमडता येतं. टफन्ड काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकलं की ती काच गेली. म्हणून जिथे बांधकामाची मापं जागोजागी थोडी-थोडी बदलतात तिथे पॅनेल समजून घेतं, काच घेत नाही.

पण पॅनेलची स्वतःची पथ्यं आहेत. ॲल्युमिनियम उष्णतेने बरंच पसरतं: ५० अंशांच्या फरकात ३ मीटरचं पॅनेल साडेतीन मिलिमीटरहून जास्त वाढतं. चारही बाजूंनी घट्ट जखडलं तर ते फुगतं आणि लाटा दिसू लागतात. वरच्या संरक्षक फिल्मवर बाण छापलेले असतात, ते सगळे एकाच दिशेने ठेवावे लागतात. मेटॅलिक शेडचं एक पॅनेल जरी उलटं बसलं तरी ते कायम वेगळ्या रंगाचं दिसत राहतं. सगळा माल एकाच बॅचचा मागवा. आणि फिल्म वेळेत काढा. उन्हात महिनोन् महिने राहिली तर ती पत्र्याला चिकटून बसते.

फुटणं

टफन्ड काच क्वचित कसलाही धक्का न लागता फुटते. कारण काचेत राहिलेले निकेल सल्फाइडचे सूक्ष्म कण. हीट सोक चाचणीत, म्हणजे काच भट्टीत तापवून ठेवण्याच्या चाचणीत, अशी बहुतेक काच कारखान्यातच फुटून बाजूला होते, म्हणून ती चाचणी मागायचीच. माणसांच्या डोक्यावर येणारी काच लॅमिनेटेड असावी, म्हणजे फुटली तरी मधल्या थराला धरून राहते. बोस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरमध्ये १९७३ मध्ये भल्यामोठ्या काचा निखळून पडू लागल्या आणि शेवटी दहा हजारांहून जास्त काचा बदलाव्या लागल्या. दोष दुपदरी काचेच्या कडांच्या जोडणीत होता: ती इतकी ताठ होती की वाऱ्याचा ताण तिने काचेलाच दिला.

पॅनेलला पोचा पडतो, फुटत नाही. पण निकृष्ट मालात पत्रा कोअरपासून सुटतो, आणि रिव्हेट अपुरे असतील तर वादळात अख्खं पॅनेल उडतं.

देखभाल

काच धुतली नाही तर लगेच कळतं. म्हणून उंच इमारतीत काच धुणाऱ्यांचा पाळणा कुठून सोडणार, हे नकाशातच ठरलेलं हवं. दुपदरी काचेचं सील कालांतराने जातं आणि आत वाफ धरते. ती पुसता येत नाही, काच बदलावीच लागते. पॅनेल धूळ बऱ्यापैकी लपवतं, पण निकृष्ट सीलंटमधून तेलकट ओघळ उतरतात. बाहेर पीव्हीडीएफ (उन्हात टिकणारं रंगाचं कोटिंग) हेच घ्या. पॉलिस्टर कोटिंग उन्हात लवकर फिकं पडतं, आणि मग बदललेलं एखादं पॅनेल ठिगळासारखं दिसतं.

मग काय निवडावं

कार्यालयाची समोरची बाजू, जिथे खोलवर उजेड हवा आणि ऊन तिरकं येतं, तिथे दुपदरी लो-ई काच. घरं, रुग्णालयं, वसतिगृहं यांत माफक खिडक्या आणि बंद भागावर ए२ कोअरचं पॅनेल, मागे रॉकवूल. पश्चिमेकडे काच कमी आणि बाहेर उभ्या पट्ट्यांची सावली. आगीच्या चाचणीचे कागद द्यायला पुरवठादार टाळाटाळ करत असेल आणि दुसरा कुणी मिळत नसेल, तर पॅनेलचा विचार सोडा. प्लॅस्टर आणि रंग त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

ऑर्डरमध्ये फक्त "४ मिमी एसीपी" किंवा "१२ मिमी काच" लिहू नका. पॅनेलसाठी कोअरचा आगीचा वर्ग, पत्र्याची जाडी, कोटिंग आणि बॅच लिहा. अर्ध्याऐवजी पाव मिलिमीटरचा पत्रा सहज खपवला जातो. काचेसाठी दोन्ही पदरांची जाडी, मधली पोकळी, दोन पदरांच्या चार पृष्ठभागांपैकी कोटिंग कितव्यावर आणि हीट सोक लिहा. माल आल्यावर त्यातलंच एक पॅनेल तुमच्यासमोर कापून त्याचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवा. पुरवठादाराने आणून दिलेला नमुना नव्हे, गाडीतून उतरलेल्या मालातला.