भरलेली तिजोरी की रिकामा खिसा : द्युमाची कोणती कादंबरी आधी घ्यावी?

आलेक्सांद्र द्युमा हा फ्रेंच कादंबरीकार वाचायचा असे ज्याने मनाशी ठरवले आहे त्याच्यापुढे बहुधा दोनच पुस्तके येतात : 'द थ्री मस्केटिअर्स' आणि 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'. दोन्ही १८४४ साली पॅरिसच्या वृत्तपत्रांतून क्रमशः येऊ लागल्या, दोन्हींच्या रचनेत ओग्युस्त माके द्युमाच्या जोडीला होता, आणि दोन्ही आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या वयात कोणत्यातरी संक्षिप्त आवृत्तीतून निम्म्याशिम्म्या वाचलेल्या असतात. त्यामुळे कथानक येथे नव्याने सांगत बसत नाही. प्रश्न आहे तो पूर्ण, काटछाट न केलेली प्रत हाती घेण्याचा. आणि दोन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास पाने होत असल्यामुळे कामधंदा सांभाळून वाचणाऱ्याला निदान आरंभी तरी एकीचीच निवड करावी लागते.

जुन्या-जाणत्या वाचकांना विचारले तर कौल बहुतेक वेळा 'क्रिस्टो'ला मिळतो, आणि तो अकारण मिळतो असे मी म्हणणार नाही. २४ फेब्रुवारी १८१५ रोजी मार्सेच्या बंदरात जहाज शिरते तेथपासून एदमों दान्तेस हा तरुण खलाशी तुरुंगातून सुटून खजिन्यापर्यंत पोचतो तेथपर्यंतचा भाग इतका घट्ट विणलेला आहे की त्यातून एक प्रकरण वगळावे म्हटले तर वगळता येणार नाही. नेपोलियन एल्बा बेटावरून परतण्याच्या बेतात आहे, एका पत्राचा वहीम एखाद्या खलाशाचे आयुष्य बुडवायला पुरेसा आहे, आणि न्याय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या घरातच त्या पत्राचा धागा पोचतो, हे सारे द्युमा काही थोड्या प्रकरणांत बसवतो. येथे इतिहास पडद्यासारखा मागे टांगलेला नाही. दान्तेसला अंधारकोठडीत ढकलणारा हात इतिहासाचाच आहे. या एका बाबतीत 'क्रिस्टो' सरस आहे हे मान्य करायला हवे.

शिवाय आपल्या बाजूच्या वाचकाला त्या कोठडीत एक ओळखीचे नाव भेटते. दान्तेसला विद्या आणि खजिन्याची खूण देणारा आबे फारिया कादंबरीत इटालियन असला, तरी ते नाव ज्याचे, तो जोझे कुस्तोदियो द फारिया हा पाद्री १७५६ साली गोव्यात कांदोळीला जन्मलेला, पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजलेला आणि १८१९ साली तेथेच वारलेला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एका स्त्रीवर हात रोखून उभा असलेला त्याचा पुतळा अनेकांनी पाहिला असेल. निव्वळ नावाच्या नात्यावर पुस्तक निवडू नये हे खरे, पण हे नाते माहीत असलेल्या वाचकाला ती प्रकरणे थोडी अधिक जवळची वाटतात, निदान मला वाटली.

अडचण सुरू होते ती खजिना सापडल्यानंतर. कादंबरी एकदम नऊ वर्षे पुढे उडी मारते, आपण रोममध्ये दोन फ्रेंच तरुणांबरोबर कार्निव्हल पाहत असतो, लुटारूंच्या गोष्टी ऐकत असतो, आणि ज्याच्यासाठी आपण इतकी पाने वाचली तो दान्तेस आता दुरून दिसणारा, फिकट चेहऱ्याचा एक गूढ उमराव, मॉन्टे क्रिस्टोचा काउंट, झालेला असतो. पुस्तक अर्धवट सोडलेल्या ज्या ज्या परिचितांशी मी बोललो, त्यांतले बहुतेक याच वळणावर थांबलेले होते, आणि एकाहून अधिक वेळा मीही थांबलो आहे. यामागचे कारण खुद्द द्युमाने पुढे सांगून ठेवले आहे : मूळ बेत रोमपासूनच आरंभ करण्याचा होता, मार्सेची आणि कैदेची हकीगत मागाहून ओझरती सांगायची होती; ती आधी आणि सविस्तर यावी हे माकेने सुचवले. सूचना उत्तम होती. मात्र मूळच्या आरंभाचा सांधा त्यामुळे पुस्तकाच्या पोटात राहून गेला आणि तो वाचताना हाताला लागतो. तरीही एवढ्यावरून मी पुस्तक खाली ठेवले नसते; रोमचा भाग पार केला की पॅरिसचे कारस्थान पुन्हा वेग घेते.

माझ्यापुरता निर्णय झाला तो वेगळ्याच त्रासामुळे, आणि तो त्रास म्हणजे काउंटचा पैसा. रोमच्या पेढीचे पत्र घेऊन तो दांग्लार या सावकाराकडे, म्हणजे त्याला कैदेत धाडणाऱ्या कटातल्या एकाकडे, जातो तेव्हा त्याच्या नावे द्यायच्या रकमेला मर्यादाच घातलेली नसते. सावकार चपापतो, वाचकाला गंमत वाटते, आणि येथपर्यंत सारे ठीक असते. परंतु त्यानंतर जी जी अडचण समोर येते तिच्यावर उतारा तोच. घोडे हवेत, दुप्पट किंमत दिली जाते. घर हवे, विकत घेतले जाते. इटलीत लुटारूंचा नायक आधीपासूनच त्याच्या उपकाराखाली असतो, पॅरिसमध्ये नोकरचाकर त्याच्या नजरेच्या इशाऱ्यावर चालतात, आणि तो पाद्री किंवा इंग्रज लॉर्ड बनून फिरला तरी जुन्या ओळखीतले कोणी त्याला ओळखत नाही. त्याच्या आवाजावरून त्याला ओळखणारी एक त्याची पूर्वीची वाग्दत्त वधू मेर्सेदेस तेवढी निघते.

याचा उत्तम नमुना म्हणजे तारमनोऱ्याचा प्रसंग. विजेची तार येण्यापूर्वीचा तो काळ आहे. टेकड्याटेकड्यांवरच्या मनोऱ्यांना लाकडी हात असत आणि त्यांच्या हालचाली पाहून एक मनोरा दुसऱ्याला निरोप देई. काउंट मोंलेरीच्या मनोऱ्यावर जातो. तेथला कर्मचारी वर्षाला १,००० फ्रँकवर पंधरा वर्षे चाकरी करीत आलेला, आपण कोणता निरोप पुढे पाठवतो याचा अर्थही त्याला कळत नाही, आणि त्याचा सारा जीव मनोऱ्याखालच्या चिमुकल्या बागेत व तिथली फळे कुरतडणाऱ्या उंदरांच्या चिंतेत अडकलेला. काउंट त्याच्यापुढे आधी १५,००० आणि मग आणखी १०,००० फ्रँक ठेवतो, खोटा निरोप पाठवायला लावतो, स्पेनच्या कर्जरोख्यांचा भाव गडगडतो आणि दांग्लारला एकूण दहा लाखांचा फटका बसतो. प्रकरण अप्रतिम लिहिलेले आहे. त्या गरीब माळ्यासारखी जिवंत माणसे द्युमा चार ओळींत उभी करतो. पण प्रकरण संपल्यावर माझ्या मनात राहिले ते एवढेच की या साऱ्यात काउंटला क्षणभरही धोका नव्हता. तो माणूस नाही म्हणाला असता तर आणखी १०,००० पुढे झाले असते. साहसकथा वाचताना छातीत जी धडधड व्हावी लागते ती मला या प्रसंगात झाली नाही, आणि पुढे बराच काळ झाली नाही.

'मस्केटिअर्स'मध्ये नेमके उलट आहे, आणि हे मला पहिल्या वाचनात नव्हे तर दोन्ही पुस्तके एका पावसाळ्यात लागोपाठ वाचली तेव्हा जाणवले. दार्तान्यां आणि अ‍ॅथोस, पोर्थोस, अ‍ॅरामिस हे राजाच्या बंदूकधारी पथकातले तीन मस्केटिअर, या चौघांजवळ पैसा कधीच नसतो. दार्तान्यां १६२५ साली ज्या पिवळट घोड्यावरून गावाबाहेर पडतो तो घोडा कधी विकू नकोस असे बापाने बजावलेले असते, आणि पॅरिसला पोचताच तो तीन एक्यूंना विकून मोकळा होतो. पोर्थोसच्या खांद्यावरचा तलवारीचा पट्टा समोरून सोन्याच्या जरीचा आणि पाठीमागे, झग्याखाली, साध्या चामड्याचा असतो. दार्तान्यां धावताना नेमका त्याच झग्यात गुरफटतो, ते पाहतो आणि त्यापायी द्वंद्वाची वेळ ठरते. राजाकडून चाळीस पिस्तोल (सोन्याची नाणी) मिळाले तर त्यांचे काय करावे यावर मित्रांचा सल्ला घेतला जातो : अ‍ॅथोस म्हणतो झकास जेवण, पोर्थोस म्हणतो नोकर, अ‍ॅरामिस म्हणतो प्रेयसी.

खरी बहार येते ती ला रोशेल या बंडखोर शहरावरच्या मोहिमेआधी. प्रत्येक मस्केटिअरने घोडा-खोगीर-शस्त्रे स्वतःच्या खर्चाने उभी करायची असतात, आणि इंग्लंडहून बक्षीस मिळालेल्या उमद्या घोड्यांपैकी दोन अ‍ॅथोसने जुगारात घालवलेले असतात; त्या जुगारात तर तो आपला नोकर ग्रिमो याचे दहा भाग करून एकेक भाग पणाला लावायलाही कमी करत नाही. पोर्थोस एका म्हाताऱ्या वकिलाच्या बायकोला गळ घालायला तिच्या घरी जेवायला जातो, तेथे ताटात येते ती वयोवृद्ध, कातडे निबर झालेली कोंबडी, आणि कारकून मंडळी जेवण पुरते संपण्याआधीच मालकाच्या नजरेने उठवली जातात. एवढे सोसून त्या बाईकडून जो घोडा येतो तो कोणता, तर दार्तान्यांने विकलेला तोच पिवळट घोडा. येथे कोणाचा प्राण जात नाही, राज्य बुडत नाही. तरी पुढे काय होणार या ओढीने मी जितक्या भराभर पाने उलटली तितकी काउंटच्या कोणत्याही मेजवानीत उलटली नाहीत. खिसा रिकामा असला की माणसाला डोके चालवावे लागते, लाज गिळावी लागते, मित्राकडे हात पसरावा लागतो, आणि गोष्ट त्यातूनच पुढे सरकते.

साँ-जेर्व्हे बुरुजावरची न्याहारी याच स्वभावाची आहे. चौघांना गुप्तपणे बोलायचे आहे आणि छावणीत भिंतीलाही कान आहेत, म्हणून ते पैज मारतात की शत्रूच्या माऱ्यात असलेल्या त्या बुरुजावर तासभर बसून न्याहारी करून दाखवू. ग्रिमो टोपली घेऊन मागून चालतो, गोळ्या सुटत असताना मसलत चालते, टेबलावरचा रुमालच झेंडा म्हणून फडकवला जातो, आणि परतताना त्यावर तीन गोळ्यांची भोके पडलेली असतात. गोपनीयता विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे ती अशी मिळवावी लागते. काउंटने त्यासाठी वाडा खरेदी केला असता.

'मस्केटिअर्स' निर्दोष आहे असे सांगून मी कोणाला फसवू इच्छित नाही. इतिहास द्युमा सोयीने वापरतो : ज्या शार्ल द बात्झ-कास्तेलमोरवरून दार्तान्यां बेतला तो १६२५ साली पोरवयाचा होता, आणि ला रोशेलच्या वेढ्यात शहराने भोगलेली उपासमार कादंबरीत जवळजवळ दिसतच नाही. नोकरांना मारणे हा विनोदाचा विषय आहे. दार्तान्यां अंधाराचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या नावाने कार्डिनल रिशल्यूची हेर मिलेडी हिच्या खोलीत शिरतो आणि त्यासाठी तिच्या दासीच्या प्रेमाचा वापर करून घेतो, हे आज वाचताना घशाखाली उतरत नाही. शेवटी सारे पुरुष मिळून मिलेडीचा जो निवाडा करतात त्याबद्दल वाचकांत मतभेद आहेत आणि ते असायलाच हवेत. माझ्यापुरते सांगायचे तर मिलेडी ही चौघांपेक्षाही जोरकस उतरलेली व्यक्तिरेखा आहे. इंग्लंडमधल्या कैदेत ती फेल्टन या कर्मठ अधिकाऱ्याला पाच दिवसांत कसे वळवून घेते ती प्रकरणे पुष्कळांना कंटाळवाणी वाटतात, कारण त्यांत चौघांपैकी कोणी नसते. मला ती पुस्तकातली सर्वांत भेदक वाटली. फेल्टनने २३ ऑगस्ट १६२८ रोजी पोर्टस्मथला इंग्लंडचा मंत्री ड्यूक ऑफ बकिंगहॅम याचा खून केला हा इतिहास आहे, आणि त्याच्या हातात सुरी कशी आली याची कल्पित कहाणी द्युमा त्याच्या मागे इतक्या सफाईने बसवतो की दोन्हींमधली शिवण सापडत नाही.

न्यायाने 'क्रिस्टो'बद्दलही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मेर्सेदेस आपल्या मुलासाठी पदर पसरते तेव्हा, आणि सूडाच्या आगीत एक अजाण जीव सापडतो तेव्हा, काउंटची तिजोरी प्रथमच निरुपयोगी ठरते. ती पाने 'मस्केटिअर्स'मधल्या कोणत्याही पानाहून खोल आहेत. सूडाचा हिशेब शेवटच्या पैपर्यंत चुकता झालेला पाहण्यातच ज्यांना समाधान वाटते, किंवा ज्यांना मोठा पट आणि दोन पिढ्यांची गुंतागुंत आवडते, त्यांनी माझ्या तक्रारीकडे खुशाल दुर्लक्ष करावे. त्यांच्या दृष्टीने काउंटचे अफाट ऐश्वर्य हीच मौज असू शकते. पण आपण हरि नारायण आपटे, नाथमाधव यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढला असाल, आणि दौड, वेषांतर, मसलत, एकमेकांसाठी जीव टाकणारे सोबती यांची ओढ असेल, तर माझ्या अल्पमतीप्रमाणे आधी 'मस्केटिअर्स' घ्यावे. ते आवडले तर त्याचाच पुढचा भाग 'ट्वेंटी इयर्स आफ्टर' तयार आहे, आणि 'क्रिस्टो' कुठे पळून जात नाही.

प्रतीबद्दल थोडेसे. स्वस्तात किंवा फुकट मिळणारे इंग्रजी अनुवाद बहुधा एकोणिसाव्या शतकातले असतात आणि त्यांत नाजूक प्रसंग सौम्य केलेले असतात. मिलेडीच्या खोलीतला प्रसंग त्यामुळे मोघम होतो, आणि 'क्रिस्टो'मध्ये दांग्लारच्या मुलीचे तिच्या मैत्रिणीशी असलेले नाते नीट कळतच नाही. 'मस्केटिअर्स'साठी रिचर्ड पेव्हिअरचा आणि 'क्रिस्टो'साठी रॉबिन बसचा अनुवाद मिळाला तर तोच घ्यावा. 'क्रिस्टो'ची संक्षिप्त प्रत मात्र शक्यतो टाळावी, कारण काटछाटीत तारमनोऱ्यावरच्या माळ्यासारखी माणसेच आधी गळतात.