ज्वालामुखी शिकवायचा कसा: फेसाचा शंकू, सोड्याची बाटली की पन्हाळ्याचा कडा?

प्राथमिकच्या मुलांना ज्वालामुखी शिकवायचा म्हटलं की एक प्रयोग ठरलेला असतो. मातीचा शंकू करायचा, मधे वाटी, वाटीत खाण्याचा सोडा आणि वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. फेस उतू जातो, मुलं टाळ्या वाजवतात. कोल्हापुरातल्या बाई-गुरुजींनी आणि पालकांनी मात्र हा प्रयोग निवडण्याआधी थोडा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी तो छानच आहे. धोका नाही, खर्च किरकोळ, शिवाय माती कालवायला मिळते. पण आठ वर्षांचं मूल ‘असं का होतं?’ विचारतं तेव्हा तो अपुरा पडतो. हा फेस आम्ल आणि सोडा यांच्या रासायनिक क्रियेतून येतो, ज्वालामुखीचं कारण वेगळं आहे. खोलवर वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, भोवतालच्या घट्ट खडकापेक्षा हलका असल्यामुळे वर सरकतो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो. मग त्यात विरघळलेली वाफ आणि इतर वायू बुडबुडे होऊन सुटतात, फुगतात आणि शिलारसाला बाहेर ढकलतात.

हे कारण दाखवायला सोड्याची बाटली कितीतरी सरस. झाकण बंद असताना आतला वायू दिसत नाही. बाटली हलवून झाकण उघडलं, दाब उतरला, की तोच वायू पाण्याला घेऊन उसळतो. प्लास्टिकची बाटली घ्या, अंगणात उघडा, झाकण मोठ्या माणसानेच फिरवावं. उणीव एकच, पण मोठी: हे सगळं थंड असतं. आपल्याकडचा काळा दगड ज्यातून झाला तसा लाव्हा, म्हणजे बाहेर आलेला शिलारस, साधारण १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस तापमानाचा असतो, ते तोंडी सांगावंच लागतं.

शाळेत प्रयोगशाळा असेल तर मेणाचा प्रयोगही करता येतो. चंचुपात्राच्या तळाशी मेण, त्यावर वाळू, वर थंड पाणी आणि खालून आच. वितळलेलं मेण हलकं होऊन वाळू फोडत वर येतं आणि थंड पाण्यात थिजतं. सुंदर दिसतं, पण आग आणि काच आहे. चौथीच्या खाली करू नये.

काही ज्वालामुखी शांतपणे वाहतात आणि काही स्फोट होऊन फुटतात, हे समजावण्यासाठी आपल्या जिल्ह्याला दुसरीकडे बघायला नको. तिरप्या ताटात एका बाजूला उसाचा रस ओता, दुसऱ्या बाजूला काकवी. पातळ लाव्हा रसासारखा लांब पसरतो आणि त्यातला वायू सहज निसटतो. दाट शिलारसात वायू अडकून राहतो, दाब साठतो आणि मग स्फोट होतो. गुऱ्हाळावर काईल (रस आटवायची मोठी कढई) उकळताना लांबून दाखवता आली तर बुडबुड्यांमधला हा फरक मुलं कधी विसरणार नाहीत.

आता शंकूबद्दलची माझी खरी तक्रार. शंकू बघितलेलं मूल जोतिबाचा डोंगर बघून ‘हा जुना ज्वालामुखी का?’ असं विचारतं. नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरला. आज दिसणारे डोंगर म्हणजे पावसाने आणि नद्यांनी त्या थरांची झीज केल्यावर उरलेला भाग. म्हणून व्हिडिओ दाखवायचाच असेल तर आइसलँडचा दाखवा. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या रेक्यानेस द्वीपकल्पावर सुमारे चार किलोमीटर लांबीची भेग उघडून लाव्हा उसळला होता. आपल्याकडे घडलं ते याच जातीचं, फक्त अफाट मोठं.

त्यानंतर पन्हाळा. तास-दीड तास पुरतो, मात्र पावसाळा आणि धुकं टाळा. खालचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात बारीक छिद्रं किंवा पांढरे ठिपके दिसले तर मुलांना बोट फिरवू द्या. त्या बुडबुड्यांच्या जागा आहेत, काहींत नंतर पांढरी खनिजं भरली. वरचा तांबडा जांभा मात्र वेगळा. त्यालाही भोकं असतात, पण ती वायूची नव्हेत. खडक कुजून त्यातला लोह मागे राहिला, त्यातून तो तयार झाला. इथे शिक्षकांचीही गल्लत होते, म्हणून दोन्ही दगड शेजारी ठेवून दाखवा. पन्हाळा जमणार नसेल तर अंबाबाईच्या देवळाच्या काळ्या भिंतीही चालतील.

एकच शनिवार हातात असेल तर माझी निवड अशी: बालवाडीला शंकू, पण सोबत ‘आपले डोंगर असे झाले नाहीत’ हे वाक्य नक्की. पहिली-दुसरीला सोड्याची बाटली आणि काकवीचं ताट. तिसरी-चौथीला सकाळी बाटली, दुपारी पन्हाळा.

रात्री एखादं मूल ‘आपल्याकडे परत फुटेल का?’ विचारेल, त्याची तयारी ठेवा. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे, कोल्हापुरापासून दोन हजार किलोमीटरहून लांब, आणि त्या बेटावर माणसं राहत नाहीत. नकाशा उघडून दोन्ही ठिकाणांवर बोट ठेवायला लावा.