ट्विटरच्या वाटीवर काय चढवावे: ताणले जाणारे व्हिनाइल की साधे रेक्झिन?

गाडीच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबावर बसवायची ट्विटरची (उंच सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरची) वाटी किंवा स्पीकरची एमडीएफची (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीची) रिंग मढवायची असेल, तर पुण्याच्या नाना पेठेत दोन्ही प्रकारचे कापड हाताने ओढून पाहावे; फरक तिथेच कळतो. साध्या रेक्झिनच्या पाठीला विणलेले सुती कापड असते, त्यामुळे ते सपाट पट्टीवर छान बसते, स्वस्तही पडते, पण वाटीच्या गोलाईवर त्याला चुण्या पडतात आणि मग जोड शिवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

चारही दिशांना ताणल्या जाणाऱ्या व्हिनाइलची पाठ होजिअरीसारखी असते. सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा रबरी गोंद, दोन्ही पृष्ठांवर लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यावे, मग मध्यापासून कडेकडे दाबत जावे आणि हीट गनची हलकी ऊब देत समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढाव्यात. मागच्या बाजूच्या काटछाटीची घाई करू नये; कात्री कडेच्या फार जवळ आली की चीर पुढून दिसते, हे मी एक वाटी वाया घालवून शिकलो. या व्हिनाइलचा दोष एवढाच, की जास्त ताणल्यास त्यावरचे दाणे सपाट होऊन चकाकतात आणि वाटी गुळगुळीत करायला भरलेल्या पुट्टीवरचा घासकामाचा प्रत्येक ओरखडा वर उमटतो.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली साधे सोल्यूशन मऊ पडते आणि ताणलेले व्हिनाइल कडेने सुटू लागते, म्हणून उष्णता सोसणारेच घ्यावे. लहान, गोल भागांसाठी माझी पसंती व्हिनाइललाच आहे. डिकीतल्या सपाट खोक्याला मात्र रेक्झिन पुरते.