मेमटेस्ट८६ प्लस: काही महिने वापरल्यानंतर

डेस्कटॉप मध्येच बंद पडायला लागला की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं, "विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारून घ्या." आमच्या डीटीपीच्या मशीनला तेच केलं. पैसे गेले आणि ऐन लग्नपत्रिकांच्या सीझनमध्ये निळा स्क्रीन पुन्हा हजर. तेव्हा रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस हे सॉफ्टवेअर हाती घेतलं. आता काही महिने वापरून झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

संशय रॅमवर जायला कारण होतं. निळ्या स्क्रीनवरचा कोड दर वेळी वेगळा. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट. एखादा ड्रायव्हर बिघडला असता तर बहुतेक तोच तो कोड आला असता. शिवाय मोठी झिप फाइल एकदा 'करप्ट' म्हणायची आणि रीस्टार्टनंतर तीच बिनतक्रार उघडायची.

हे सॉफ्टवेअर फुकट, ओपन सोर्स. पेनड्राइव्हवरून बूट होतं. विंडोज सुरूच नसल्यामुळे एरवी त्याने अडवून ठेवलेली रॅमही तपासली जाते, हा मोठा फायदा. २०२२ च्या ६.०० आवृत्तीपासून यूईएफआय (मशीन सुरू करणारं, बायॉसच्या जागी आलेलं नवं सॉफ्टवेअर) असलेल्या मशीनवरही चालतं. माझ्याकडे सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ न देणारी सेटिंग) बंद करावं लागलं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर नंतर विंडोज दारातच अडवेल.

पहिल्याच फेरीत लाल ओळी आल्या. प्रत्येक ओळीत मेमरीतला पत्ता, काय लिहिलं होतं आणि काय वाचलं गेलं. आकडे हेक्स पद्धतीत, एका अक्षरात चार बिट. शेवटी एफ हवा तिथे बी. म्हणजे ११११ च्या जागी १०११. एकच बिट शून्यावर अडकलेला, आणि ओळीमागून ओळ तोच बिट. एवढ्याशा बिटापायी सगळं मशीन आडवं होत होतं!

पण दोष रॅमच्या कुठल्या स्टिकमध्ये (पट्टीत) आहे, हे त्या पत्त्यावरून कळत नाही. ते काम आपलंच. कॅबिनेट उघडायचं, एकच स्टिक ठेवून टेस्ट लावायची, मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक गेली. स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरकडे बघावं लागतं. त्याआधी बायॉसमधलं एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून एक फेरी जरूर घ्या. तेवढ्याने चुका थांबल्या तर स्टिक मेलेली नसते, तिला फक्त तो वाढीव वेग झेपत नसतो. आमच्याकडे चूक स्टिकबरोबरच फिरली. स्क्रीनचा फोटो दाखवल्यावर वॉरंटीत बदलूनही मिळाली.

शेजारच्या मुलाच्या पीसीवर रात्रभर एकही चूक नाही, तरी गेम लावला की मशीन फटकन बंद. निळा स्क्रीन नाही, नुसता काळोख. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१. ही नोंद फक्त मशीन नीट शटडाउन न होता बंद पडल्याचं सांगते, कारण सांगत नाही. मल्टिमीटर लावला तर लोड येताच १२ व्होल्टची पिवळी वायर ११.४ व्होल्टच्या खाली. १२ व्होल्टला पाच टक्क्यांचीच सूट असते, तेव्हा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलला.

तक्रार एकच, वेळ फार खातं. पहिली फेरी मुद्दाम हलकी ठेवलेली असते, म्हणून ती पास झाली तरी टेस्ट थांबवू नका. मी संध्याकाळी काम संपलं की लावून ठेवतो आणि सकाळी बघतो. नवी रॅम बसवली तरी हेच करतो, त्याशिवाय गिऱ्हाइकाची फाइल त्या मशीनवर उघडत नाही.